रडायचं ते आपल्या गल्लीत

“हरलो तर?” आबांनी विचारलं.

“रडायचं न्हाई.”

“कवाच न्हाई?”

“रडायचं. पर आपल्या गल्लीत आल्यावर.”

“शाब्बास. आणि मॅच संपली की डोक्याची पट्टी?”

“खिशात.”

“का?”

“वळखू येऊ नये म्हणून.”

आबा कट्ट्यावर मांडी घालून बसले होते आणि हर्षी, माझी भाची, समोर हात मागं बांधून उभी होती. सहा वर्षांची पोर. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळं ‘वळखू’ म्हणताना वारा सुटायचा. मी आतून बघत होते. घराच्या पुढच्या खोलीत माझा मिरची कुटायचा डंक होता, आणि फेब्रुवारी म्हणजे चटण्यांचा मोसम. सकाळपासून दोन्ही मुसळं धाडधाड वरखाली होत होती. पण आमच्या कोल्हापुरात तो फुटबॉलचाही मोसम. त्यामुळं बायकांची डोकी मिरचीनं आणि पुरुषांची बॉलनं तापलेली, असे ते दिवस.

डंकावर बसलं की माणसं आपोआप कळतात. कोण देठं ठेवून वजन वाढवतं, कोण लसणात हात आखडतं, कोण कच्चे धणे आणून ‘भाजलेत की’ म्हणतं. प्रत्येकीच्या नावापुढं माझ्या डोक्यात जमा आणि नावे मांडलेलं असायचं. घरच्यांचंही. आबांच्या जमेला एक मोठी रक्कम होती. ते आमच्या वाघोबा तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते आणि एका जुन्या फायनलला त्यांनी दगडी चौकाच्या टीमची पेनल्टी अडवली होती. तेव्हापासून लोक त्यांना ‘जाळी’ म्हणायचे. पोराला मॅचला न्यायचं का नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीत तेच ठरवायचे. बाप पोराला घेऊन कट्ट्यावर यायचे, आबा प्रश्न विचारायचे, आणि शेवटी ‘पिकलंय’ किंवा ‘कच्चं हाय’ एवढंच बोलायचे. कच्चं ठरलेलं पोर वर्षभर गल्लीत तोंड लपवून फिरायचं.

पोरगी मात्र आजवर कुणी आणली नव्हती.

“लोंढा सुटला की कसं चालायचं?” आबांचं चालूच होतं.

“लोंढ्याबरोबर. उलटं न्हाई. थांबायचं बी न्हाई.”

“कुणी कायतरी खायाला दिलं तर?”

“घ्यायचं. खायचं न्हाई.”

“कुणाची म्हणून इचारलं तर?”

हर्षीनं क्षणभर विचार केला. “जो इचारतोय त्याची.”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “ही लई पुढं जाणार! धना, पिकलीय रे तुझी पोरगी!”

धनाजी, माझा धाकटा भाऊ, जणू स्वतःच पास झाल्यासारखा मिशीतून हसला. त्याची बायको वैजयंता दारात ताट घेऊन उभी होती. ती कऱ्हाडची. तिला हा सगळाच प्रकार वेडेपणा वाटायचा आणि ती ते लपवायची नाही.

“मामंजी, सहा वर्षांच्या पोरीला दगडं खायला नेणार का तुम्ही?”

“दगडं कुठली गं? ते जुनं झालं. आता तालमींनी गोव्याचे खेळाडू आणलेत. पगारी. पैसे घेऊन खेळणारा माणूस भांडत न्हाई.”

“खेळणारा नाही भांडत. बघणारा भांडतो.”

“अक्का, सांग की हिला,” धनाजी माझ्याकडं वळला.

मी मुसळाखालची मिरची सारखी केली. “मला काय इचारतोस? मी कुठं गेलोय कधी?”

हे खरंच होतं. लहानपणी मी दरवर्षी विचारायचे. आबा म्हणायचे, अजून लहान हाईस. मग एका वर्षी म्हणाले, आता मोठी झालीस. मधला तो न्यायजोगा दिवस कधी येऊन गेला ते मला कळलंच नाही. मग लग्न झालं, ते मोडलं, मी माहेरी आले, डंक घातला. न्यायचा विषय परत कुणी काढला नाही.

वैजयंतानं शेवटी हर्षीच्या डोक्याला जांभळी पट्टी बांधली. आमच्या तालमीचा रंग तो. गाठ इतकी घट्ट मारली की पोरगी “आई गं” म्हणाली. त्या दिवशी वाघोबा आणि दगडी चौक यांची फायनल होती.

हरलेली गल्ली आवाजावरून कळते. जिंकली तर आधी हलगी येते, मग माणसं. त्या संध्याकाळी नुसती माणसं आली, दोन-दोन, तीन-तीन, चपला ओढत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी डंक थांबवला. लांबवर फटाके वाजत होते, दगडी चौकाच्या बाजूला.

“काय झालं रे?” मी एकाला विचारलं.

“पेनल्टी. शेवटच्याला. नव्हतीच ओ ती पेनल्टी, अक्का!” तो रडवेला झाला. “मग दगडं पडली. पोलिसांनी काठ्या काढल्या.”

मग धनाजी आला. एका पायात चप्पल. शर्टाची बाही फाटलेली. दारातच थांबला आणि आत बघून म्हणाला, “हर्षी आली काय घरात?”

वैजयंता भाकरी टाकत होती. तिनं तवा खाली उतरवला. सावकाश. मला अजून आठवतं, तिनं तव्यावरची भाकरी काढून ठेवली आणि मगच उठली.

“हर्षी तुमच्याबरोबर गेली होती,” ती म्हणाली.

“गर्दीत हात सुटला.”

“सुटला का सोडला?”

धनाजीनं फाटकी बाही वर सारली.

“तुमच्या तोंडाकडं बघून विचारतेय मी. सुटला का सोडला?”

“रेफ्रीला बोलायला गेलतो. नुसतं कुंपणाच्या जाळीपतोर. तिला म्हटलं, आबांजवळ हितंच थांब. तेवढ्यात लाठीमार झाला... सगळं पब्लिक वरनं खाली आलं. आबा पडले. मी माघारी आलो तर...”

वैजयंतानं त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पिठाचे हात तसेच घेऊन ती अनवाणी बाहेर पडली. त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असणार.

गल्ली हललीच. हरल्याचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पोरं गाड्या काढून चारी दिशांना गेली. धनाजी आणि वैजयंता सरकारी दवाखान्याकडं धावले, कारण जखमींना तिकडं नेलं होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, “तळ्याकडंबी एकजण जावा.” एक गाडी तिकडं वळली. तिच्या मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले.

आबा स्टेडियमवरून आलेच नव्हते. पोर परत आली तर त्याच पायरीवर येईल म्हणून तिथंच बसून राहिले होते. मी त्यांच्याकडं निघाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्टेडियमच्या आत पाऊल टाकलं. मला वाटत होतं त्यापेक्षा मैदान लहान निघालं. पायऱ्यांवर शेंगांची टरफलं, फाटक्या चपला, दगड, फुटक्या बाटल्या. लाऊडस्पीकरवर एक माणूस कंटाळल्या आवाजात तेच तेच सांगत होता, ‘सहा वर्षांची मुलगी, डोक्याला जांभळी पट्टी, रडत असल्यास कृपया गेटवर आणून द्यावी.’ दिवस मावळायला आला होता. ऊन वरच्या पायऱ्यांवर तेवढं शिल्लक होतं.

आबा मधल्या पायरीवर बसले होते. कपाळावर रक्त सुकलेलं. गुडघा सुजलेला. मला बघून उठायला गेले आणि परत बसले.

“सापडली?”

“न्हाई, आबा.”

“सगळं शिकवलं हुतं गं तिला. सगळं.”

मी त्यांच्या कपाळाला पदर लावला. त्यांनी तो झटकला. मैदानाकडं बघत ते तेच पुटपुटत राहिले. सगळं शिकवलं हुतं. ज्या माणसाच्या हातून आयुष्यात बॉल सुटला नाही म्हणतात, त्याचे हात मांडीवर उपडे पडले होते, कुणीतरी तिथं ठेवून गेल्यासारखे.

गेटवर येऊन मी शेंगावाल्याला विचारलं. “रडणारी पोरगी बघितलीस काय रे?”

“दोन बघितल्या, ताई. दोघीबी बापाला गावल्या.”

पानाच्या गाडीवर विचारलं. तेच. “रडणारी? न्हाई बा.” सोडावाल्याला, फुगेवाल्याला, समोरच्या दवाखान्याच्या पायरीवरच्या बाईला. रडणारी पोरगी कुणीच बघितली नव्हती. गेटवरच्या हवालदाराला माझी दया आली.

“बाई, घाबरू नका. रडणारं पोर हरवत नसतंय. कुणी ना कुणी उचलून आणतंयच. रडणाऱ्या पोराला टाकून जाणारा माणूस या गावात न्हाई.”

मी मान हलवली. दोन पावलं गेले आणि तिथंच थांबले.

हर्षी रडत नसणार.

मी तशीच पायऱ्यांकडं पळत गेले. “आबा, त्यो स्पीकरवरचा माणूस पट्टी-पट्टी करतोय. पट्टी कुठं असंल?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. “खिशात,” ते हळूच म्हणाले. “मॅच संपली की खिशात घाल म्हटलं हुतं मी.”

“आणि लोंढा?”

“लोंढ्याबरोबर चालायचं. उलटं न्हाई.”

“लोंढा कुठल्या गेटनं गेला?”

त्यांनी हात वर केला. पूर्वेचं गेट. आमची माणसं लाठीमार सुरू झाल्यावर पश्चिमेकडनं पांगली होती. पूर्वेकडनं एकच लोंढा गेला होता, हलगी वाजवत, गुलाल उधळत. दगडी चौकाचा.

आबा उठले. गुडघा धरून उभे राहिले. “मी येतो.”

“तुम्ही नका येऊ. तिथं तुमच्या त्या पेनल्टीची आठवण धरून बसलेली माणसं अजून हाईत. आज प्यालेली बी असतील.”

“मग धनाला बोलव.”

“त्याचा फाटका शर्ट बघून पहिल्या वळणावरच भांडण लागंल. मी जातो. माझ्या अंगाला मिरचीचा वास हाय, तालमीचा न्हाई.”

ते काही बोलणार होते, पण मी थांबले नाही. चुकत असले तर उरलेला उजेड मी वाया घालवत होते, आणि तिकडं तळ्यावर एक गाडी उभी होती. पळता पळता मी देवाला काहीच म्हटलं नाही. एकेका गोष्टीचा हिशोब लावत होते. पट्टी खिशात, म्हणून कुणी ओळखली नाही. रडत नाही, म्हणून कुणी आणून दिली नाही. बरोबर चालतेय, म्हणून कुणाला एकटी वाटली नाही. सगळं जुळत होतं, आणि जुळत होतं म्हणूनच जास्त भीती वाटत होती. चौकाच्या अलीकडं तिला कुणी हात धरून बाजूला नेलं असेल, तर ती निमूट गेली असणार. कुणाची म्हणून विचारलं तर ‘तुमचीच’ म्हणणारी पोर ती.

दगडी चौकात शिरले तर समोर माणूस दिसेना, नुसता गुलाल. हलगी, घुमकं, शिट्ट्या. तिथल्या एका पोरानं मला ओळखलं.

“अरे, वाघोबाची डंकवाली! अक्का, पेढा घ्या की! हरलेल्यांना डबल!”

“चटणी लावून देऊ काय?” दुसरा ओरडला आणि सगळे खिदळले.

“अरं बाबांनो, माझी पोरगी बघितलीसा काय? एवढीशी. फ्रॉक.”

“अक्का, हितं सगळी पोरं आमचीच हाईत. बघा, आवडलं तर न्या एखादं!”

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. जिंकलेला माणूस ऐकतच नाही, एवढंच. चौकभर पोरं नाचत होती आणि सगळ्यांची तोंडं गुलाबी. डोळे तेवढे वेगळे. मी एकेकीची हनुवटी वर करून बघायला लागले. एक आई माझ्या अंगावर धावून आली. “ए, काय करतीस गं पोरीला?” मी ‘हर्षी, हर्षी’ म्हणून ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. एका घराच्या भिंतीला टेकले आणि तेव्हा कुणीतरी माझा दंड धरला.

“इंदाक्का? तू हितं?”

हौसाक्का. दगडी चौकातलं माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात भांडकुदळ. दरवर्षी चटणी कमी भरली म्हणून वाद घालणारी. तिच्या नावापुढं माझ्या डोक्यात ‘जमा’ असं काही नव्हतंच.

“हौसाक्का, आमची हर्षी हरवलीय. धनाची पोरगी. या लोंढ्याबरोबर आली असंल. रडत नसंल ती.”

“रडत न्हाई?” हौसाक्कानं माझ्याकडं निरखून बघितलं. “दात पडल्यात काय तिचं? पुढचं?”

मी नुसती मान हलवली.

“अगं, मगापासनं माझ्या दाराशी बसलीय की! मला वाटलं खालच्या बोळातली. कुणाची इचारलं तर म्हणती, तुमचीच. पोरांनी गुलाल फासला तर डोळं मिटून उभी राहिली. हसली न्हाई, का पळाली न्हाई. मी म्हटलं, हे काय लेकरू हाय का देवळातली मूर्त?”

तिच्या मागोमाग मी बोळात शिरले. तिसऱ्या घराच्या पायरीवर हर्षी बसली होती. गुडघे जुळवलेले, तोंड गुलाबी, उजव्या मुठीत पेढा. न खाल्लेला. मुठीच्या घामानं त्याचा लगदा झाला होता.

तिनं मला बघितलं. उठली नाही. ‘आत्या’ म्हणाली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या बाईकडं बघावं तशी बघून तिनं नजर खाली घातली.

“अगं, तुझी आत्या न्हवं ही?” हौसाक्का म्हणाली. “मग वळख का दावंना गं?”

“तिला शिकवलंय तसं,” मी म्हटलं.

हौसाक्का हर्षीकडं, मग माझ्याकडं बघत राहिली. तिला चार पोरं. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, “तुम्ही वाघोबाची माणसं खुळी हाईसा की काय?” मग स्वतःच्या डोक्यावरचा पदर काढून त्यानं हर्षीचं तोंड पुसलं, आणि बाहेर चौकातून जाताना दोन्ही हात पसरून आमच्यापुढं चालली. नाचणारी पोरं बाजूला झाली.

येताना हर्षीनं माझं बोट असं धरलं होतं की नख रुतत होतं. मी रस्त्यातच भेटलेल्या आमच्या एका पोराला दवाखान्यात आणि तळ्यावर निरोप द्यायला पळवलं, एकाला आबांना आणायला. मलाही रडायचं होतं, पण चारचौघांत रस्त्यावर पदर तोंडाला लावायची लाज वाटली. चालताना हर्षी फक्त एकदा थांबली. पेढ्याचा हात वर करून तिनं विचारलं, “ह्याचं काय करू?” मी तो तिच्या हातून घेतला.

मग गल्लीचं तोंड आलं. माझ्या डंकाचा वास कोपऱ्यापर्यंत येतो. तो तिला लागला असावा.

“आत्या,” ती कुजबुजली. “आली काय आपली गल्ली?”

“आली.”

“इथं चालंल?”

“इथं चालंल, बाळा.”

तिनं तोंड उघडलं. आधी काहीच आलं नाही. मग जो आवाज आला तो मी कुठल्या पोराच्या तोंडून ऐकला नव्हता. घराघरातून दिवे लागले, बायका बाहेर आल्या. वैजयंता कुठून तरी पळत आली आणि रस्त्यातच बसली, हर्षीला पोटाशी धरून. धनाजी लांबच उभा राहिला, भिंतीला धरून. त्याला जवळ जायची हिंमत होईना आणि त्याला कुणी बोलावलंही नाही.

आबांना दोघांनी धरून आणलं. मला बघून त्यांनी विचारलं, “तुला कसं कळलं ती तिकडं असंल?”

“तुम्हीच शिकवलंय, आबा. लोंढ्याबरोबर चालायचं, रडायचं ते आपल्या गल्लीत. धनाला कट्ट्यावर शिकवत होता तवा मी आत भाकऱ्या थापत होतो. माझं सगळं पाठ हाय.”

आबा माझ्याकडं बघत राहिले.

हर्षीचा हुंदका जरा उतरला. आईच्या मांडीवरून मान बाहेर काढून तिनं आबांना शोधलं. गुलाल आणि शेंबूड एक झालेला.

“आबा, मी तिथं एकदाबी रडले न्हाई,” ती म्हणाली. “पेढाबी खाल्ला न्हाई. परत न्हेणार न्हवं मला?”

सगळी गल्ली आबांकडं बघायला लागली. आजवर हे तेच ठरवत आले होते. आबा सुजला गुडघा मुडपून तिच्यासमोर रस्त्यावर बसायला लागले. धरणाऱ्यांनी नको नको म्हटलं, तरी बसले. आणि सगळ्यांदेखत रडायला लागले.

“न्हाई,” ते म्हणाले. “अजून कच्ची हाईस तू.”

“मी रडले न्हाई तरी?”

“म्हणूनच.”